गोळ्या ओतण्याच्या साच्याची घरच्या घरी निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीचा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींकडून गेल्या काही वर्षांत माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. विषय साच्यापुरताच मर्यादित आहे; शिसे कोठून मिळवावे किंवा काडतूस कसे भरावे, याची चर्चा येथे नाही. उत्तरे वाचण्यापूर्वी एकच गोष्ट ध्यानात घ्यावी: साचा वापराने फार क्वचित खराब होतो. तो खराब होतो घासण्याने, ठोकण्याने आणि ओलीत पडून राहण्याने. त्यामुळे पुढील अनेक उत्तरांत काय करावे यापेक्षा काय करू नये यावर अधिक भर दिलेला दिसेल.

१. घरी गोळ्या ओतणे कायदेशीर आहे का? मी एच-१बी व्हिसावर आहे.

स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार परवाना लागत नाही. त्या विकण्याचा व्यवसाय करायचा असेल, तर मात्र दारूगोळा उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. राज्य आणि शहर यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या राज्याचा कायदा स्वतः तपासावा.

व्हिसाचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि आपल्या लोकांना तो बहुधा ठाऊक नसतो. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा दारूगोळा बाळगणे फेडरल कायद्याने निषिद्ध आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ या शब्दात सुटी गोळीसुद्धा येते. म्हणजे बंदूक नसताना केवळ हौसेने ओतलेल्या गोळ्यांचा डबाही अडचणीत आणू शकतो. या निषेधाला काही अपवाद आहेत. वैध शिकार परवाना हा त्यांपैकी सर्वांत परिचित अपवाद होय. ग्रीन कार्डधारकांना हा निषेध लागू नाही. ज्यांचे व्हिसाचे काम अर्धवट आहे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय साचा विकतही घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

२. साच्याचे भाग कोणते आणि निगा नेमकी कशाची राखायची?

साचा म्हणजे एकमेकांवर तंतोतंत बसणारे धातूचे दोन ठोकळे. प्रत्येकात गोळीची अर्धी पोकळी कोरलेली असते. ठोकळे एका जागी जुळावेत म्हणून एकात पिना आणि दुसऱ्यात त्यांची भोके असतात. वर स्प्रू प्लेट नावाची फिरती पट्टी असते. तिच्या भोकातून वितळलेल्या शिशाचा रस आत जातो आणि रस गोठल्यावर ती फिरवली की गोळीच्या बुडाशी राहिलेली जास्तीची धातू कापली जाते. ठोकळ्यांच्या आतल्या सपाट बाजूंवर केसाएवढ्या बारीक रेषा, म्हणजेच हवारेषा, दिसतात. त्या शोभेसाठी नसतात. रस आत येताना पोकळीतील हवा त्यांतूनच बाहेर पडते.

निगा राखायची ती प्रामुख्याने तीन जागांची: पोकळीच्या कडा, सपाट बाजू आणि स्प्रू प्लेटचा तळ. पोकळीची कड धारदार असेल, तोवरच गोळीवरील सांधा नाहीसा झाल्यासारखा दिसतो. ती कड एकदा गोलसर झाली की कोणत्याही उपायाने परत येत नाही.

३. लोखंडी, ॲल्युमिनियमचा की पितळी: सांभाळायला सोपा साचा कोणता?

लायमन आणि आरसीबीएस यांचे साचे प्रामुख्याने लोखंड-पोलादाच्या घराण्यातले, ली कंपनीचे ॲल्युमिनियमचे, तर पितळी साचे मुख्यत्वे मागणीनुसार बनवून देणाऱ्या छोट्या कारागिरांकडून मिळतात.

लोखंडी साचा दणकट असतो, उष्णता धरून ठेवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण एका पावसाळी आठवड्यात गंजू शकतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, हलके असते आणि चटकन तापते, मात्र मऊ असल्यामुळे पिना तिरक्या घुसल्या किंवा ठोकळे दणकन आपटून मिटले, तर त्यावर ओरखडे उठतात. पितळ या दोहोंच्या मधले असते आणि त्याची एक खास अडचण प्रश्न १३ मध्ये सांगितली आहे. ज्यांचे घर दमट हवेच्या राज्यात आहे आणि ज्यांना महिनोन्‌महिने साचा हातात घ्यायला सवड मिळत नाही, त्यांनी ॲल्युमिनियमपासून सुरुवात करावी.

४. नवा साचा घरी आला आहे. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी काय करावे?

कारखान्यातून येताना साच्यावर कापकामाचे किंवा गंजरोधक तेल असते. ते पूर्णपणे निघाल्याशिवाय एकही गोळी धड पडणार नाही. भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण, गरम पाणी आणि नायलॉनचा जुना टूथब्रश एवढे साहित्य पुरते. हवारेषांच्या दिशेने ब्रश फिरवावा, पिनांच्या भोकांत आणि स्प्रू प्लेटच्या स्क्रूखाली दडलेले तेल विसरू नये, दोनदा धुवावे आणि लोखंडी साचा असेल तर त्याच क्षणी पुसून गरम तव्यासारख्या विजेच्या शेगडीवर कोरडा करावा. शेगडी या कामासाठी वेगळी ठेवलेली असावी.

ब्रेक क्लीनरचा फवारा वापरायचा असल्यास डब्यावर ‘क्लोरिनविरहित’ असा उल्लेख आहे याची खात्री करावी. क्लोरिनयुक्त द्रावण तीव्र उष्णतेत विघटित झाले तर फॉसजीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. क्लोरिनविरहित फवारा पेट घेतो. म्हणून दोन्ही बाबतींत नियम एकच: साचा थंड असताना, उघड्या हवेत, जवळ ज्वाळा किंवा तापलेली शेगडी नसताना फवारावे आणि पूर्ण उडून गेल्यावरच साचा तापवावा.

त्यानंतर साचा रिकामाच तापवून, आपोआप निवू देऊन, पुन्हा तापवावा. हे दोन-तीन वेळा केल्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि गोळी सहज सुटू लागते.

५. पोकळीत काजळी धरावी का? कोणी धरा म्हणतात, कोणी धरू नका म्हणतात.

ॲल्युमिनियमच्या नव्या साच्यात लाकडी काडीची किंवा लायटरची हलकी काजळी धरल्याने सुरुवातीला रस नीट पसरतो. ली कंपनीही ती धरण्यास सांगते. लोखंडी साच्याला तिची गरज मी कधीच अनुभवलेली नाही. काजळीचा थर वाढत गेला की गोळीचा व्यास तेवढा कमी होतो आणि हवारेषा बुजतात. मेणबत्तीची काजळी टाळावी, कारण तिच्यासोबत मेण येते आणि मेण म्हणजे पुन्हा तेलकटपणाच. गोळ्या बिघडल्या की काजळी धरण्याची सवय लागते. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा प्रश्न ६ मधील कारणांचा असतो.

६. गोळ्यांवर सुरकुत्या येतात. साचा खराब झाला असे समजावे का?

नाही. सुरकुतीचा अर्थ बहुधा एवढाच असतो की रस पोकळी भरण्याआधीच गोठू लागला. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि नेहमीच्या मिश्रधातूसाठी भांड्यातील रस साधारण ३४५ ते ४०० अंश सेल्सिअस, म्हणजे ६५० ते ७५० अंश फॅरनहाइट, ठेवतात. रस योग्य तापमानाला असूनही साचा थंड असेल तर सुरकुत्या येणारच. साचा सुमारे १७५ ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत आधीच शेगडीवर तापवून घ्यावा.

थंड साचा आणि तेलकट साचा यांच्या सुरकुत्या ओळखता येतात. थंडीमुळे आलेल्या सुरकुत्या दहा-बारा गोळ्यांनंतर आपोआप नाहीशा होतात. साचा चांगला तापून, गोळ्यांचे बाकीचे अंग स्वच्छ उमटत असूनही ठरावीक एकाच जागी सुरकुती येत राहिली, तर तेथे तेल आहे. पुन्हा प्रश्न ४ प्रमाणे धुवावे. घासू नये.

याउलट गोळीचा पृष्ठभाग दव पडल्यासारखा पांढुरका दिसू लागला, तर साचा जास्त तापला आहे. ओतण्याचा वेग कमी करावा. अशी पांढुरकी गोळी पूर्ण भरलेली असेल तर वापरण्यास काहीच हरकत नसते, त्यामुळे केवळ दिसण्यावरून ती फेकून देऊ नये.

७. साच्याला तेल कोठे आणि किती लावावे? खोबरेल तेल चालेल का?

एरवी तेल फक्त तीन ठिकाणी लागते: स्प्रू प्लेटच्या फिरत्या स्क्रूखाली, पिनांच्या टोकांवर आणि हँडलच्या बिजागरीवर. पोकळीत आणि हवारेषांवर तेलाचा अंशही जाऊ नये. पुष्कळ ओतणारे दुचाकींसाठी मिळणारे कृत्रिम टू-स्ट्रोक तेल वापरतात, कारण ते उष्णतेत जळून घट्ट राळ धरत नाही. साचा तापलेला असताना कापूस गुंडाळलेल्या काडीचे टोक तेलात बुडवून, ते कागदावर जवळजवळ कोरडे होईपर्यंत टिपून, मग स्क्रूपाशी टेकवावे. तापलेल्या धातूवर तेवढे तेल आपोआप पसरते. थेंब दिसला तर ते जास्त झाले.

खोबरेल, गोडेतेल किंवा तूप यांपैकी काहीही लावू नये. खाद्यतेल सतत तापले की त्याचा चिवट थर बनतो. बिडाच्या तव्यावर हाच थर आपण मुद्दाम धरवतो आणि त्यावर घावन सुटतात, म्हणून अनेकांना तोच उपाय येथे सुचतो. पण तव्याला मापाची काळजी नसते, साच्याला असते.

८. स्प्रू प्लेटखाली शिशाचे पातळ डाग चिकटतात. ते खरवडावेत का?

धातूच्या कोणत्याही हत्याराने खरवडू नयेत. डाग पडण्याचे कारण बहुतेक वेळा घाई हे असते: वरचा रस पूर्ण गोठण्यापूर्वी प्लेट फिरवली की मऊ धातू तिच्या तळाला फासली जाते. चमकणारा रस निस्तेज झाल्यावरही तीन-चार सेकंद थांबले, तर डाग पडत नाहीत. अर्थात मोठी गोळी आणि तापलेला साचा असेल तर याहून अधिक थांबावे लागते.

पडलेला डाग काढण्यासाठी साचा तापलेला असताना, जाड हातमोजा घालून, बांबूच्या सळईचे किंवा आइस्क्रीमच्या काडीचे सपाट टोक त्यावरून दाबून फिरवावे. शिसे मऊ झालेले असल्याने ते गोळा होऊन निघते. त्यानंतर प्रश्न ७ मधील पद्धतीने तेलाचा नाममात्र हात प्लेटच्या तळाला दिला, तर पुढचा डाग धरत नाही.

प्लेट किती घट्ट असावी, हेही येथेच सांगतो. साचा आडवा धरल्यावर ती स्वतःच्या वजनाने फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

९. गोळी साच्यातून सुटत नाही. ठोकळ्यावर हलकेच ठोकले तर चालेल का?

चालणार नाही, कितीही हलके असले तरी. ठोकायचेच असेल तर हँडलच्या बिजागरीच्या खिळ्यावर लाकडी मोगरीने टकटक करावी. त्या धक्क्याने गोळी सुटते आणि ठोकळ्यांना काहीही होत नाही. स्प्रू प्लेट फिरवण्यासाठीही लाकूडच वापरावे. हातमोजा घातलेल्या हाताने ती ढकलता आली, तर ते सर्वांत उत्तम.

मी ओतकाम शिकत असताना आमच्या क्लबमधील एका वृद्ध सदस्याने मला आपले दोन साचे शेजारी ठेवून दाखवले होते. दोन्ही एकाच मापाचे, एकाच वयाचे. एकाच्या कडा नव्या ब्लेडसारख्या होत्या. दुसऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर नखात मावतील अशा चार-पाच खळग्या होत्या आणि प्रत्येक खळगीजवळची धातू पोकळीच्या दिशेने किंचित उचलली गेली होती. तो साचा त्यांनी तरुणपणी लोखंडी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला होता. खळगी बोटाला जाणवतही नव्हती, पण त्या साच्यातील प्रत्येक गोळीच्या बुडाशी एक टोचणारी कणी उमटत असे.

गोळी नेहमी एकाच पोकळीत अडकत असेल, तर भिंग घेऊन त्या पोकळीची कड पाहावी. बारीक उठाव दिसल्यास तो काढण्याचे काम प्रश्न १७ मधील कामाइतकेच जोखमीचे आहे, हे समजून घ्यावे.

१०. काम संपल्यावर साचा पाण्यात बुडवून गार केला तर?

कधीही नाही. अचानक गार झाल्याने ठोकळे वाकतात आणि नंतर पूर्ण मिटत नाहीत. त्याहून मोठा धोका माणसाला आहे: साच्याच्या भोकात राहिलेला पाण्याचा एक थेंब पुढच्या वेळी वितळलेल्या शिशात गेला, तर त्याची क्षणार्धात वाफ होते आणि भांड्यातील रस स्फोटासारखा उसळून चेहऱ्यावर येतो. पाण्यात बुडवून कठीण करतात त्या गोळ्या, साचा नव्हे. आणि ती बादलीसुद्धा भांड्यापासून दूर, खालच्या पातळीवर ठेवावी.

साचा मिटलेल्या अवस्थेत लाकडी फळीवर ठेवून आपोआप निवू द्यावा.

११. दोन हंगामांमधल्या काळात साचा कसा ठेवावा?

या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः एक साचा गमावून शिकलो आहे. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी १५८ ग्रेन (सुमारे १० ग्रॅम) वजनाच्या गोळ्यांचा दोन पोकळ्यांचा लोखंडी साचा मी मूळ खोक्यातील फोमच्या तुकड्यात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून तळघरात ठेवला होता. मला वाटले, हवाच लागणार नाही. उन्हाळ्यानंतर पिशवी उघडली तेव्हा फोम जेथे जेथे टेकला होता, तेथे तेथे त्याच्या छिद्रांची नक्षी गंजाच्या ठिपक्यांनी उमटलेली होती. फोमने ओल धरून ठेवली होती आणि पिशवीने ती बाहेर जाऊ दिली नव्हती.

आता मी असे करतो. साचा कोमट असताना बाहेरच्या बाजूंना आणि सपाट बाजूंना गंजरोधक तेलाचा पातळ हात देतो, गंजरोधक वाफ सोडणाऱ्या व्हीसीआय कागदात तो गुंडाळतो आणि रबरी कडेच्या लष्करी लोखंडी डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पुड्या वर्षातून दोनदा तापवून कोरड्या करतो. तळघरात आर्द्रता शोषणारे यंत्र असेल तर ती ५० टक्क्यांच्या खाली ठेवावी. पुढच्या हंगामात वापरण्यापूर्वी तेल काढणे आलेच. त्याचा कंटाळा करणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा साचा घ्यावा, ज्याला कोरड्या कापडापलीकडे काहीच लागत नाही.

काही जण शेवटची गोळी पोकळीतच ठेवून साचा निवू देतात. दोन-चार दिवसांच्या खंडासाठी ते ठीक आहे. वर्षभरासाठी त्यावर विसंबू नये, कारण गोठताना गोळी आकसते आणि तिच्याभोवती राहणाऱ्या फटीत ओल शिरते.

हिवाळ्यात गार गॅरेजमधील साचा उबदार खोलीत आणला की त्यावर दव धरते. तो दोन तास तसाच राहू द्यावा, मग शेगडीवर पूर्ण तापवावा आणि त्यानंतरच रसाजवळ न्यावा.

१२. लोखंडी साच्यावर गंज आला आहे. कसा काढू?

आधी गंज कोठे आहे ते पाहावे. बाहेरच्या बाजूंवरील गंज दिसायला वाईट असला तरी निरुपद्रवी असतो. तेथे तेल आणि अत्यंत बारीक पोलादी लोकर चालते. सपाट बाजूंवर आणि पोकळीत मात्र लोकर, पॉलिश पेपर, कानस किंवा ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश यांपैकी काहीही फिरवू नये. गंज जाईल, पण त्यासोबत कडही जाईल.

तेथे एव्हॅपो-रस्टसारखे आम्लरहित गंजनाशक द्रावण वापरावे. साच्याचे भाग सुटे करून, तेल काढून, द्रावणात पूर्ण बुडवून ठेवावेत आणि दर तासाने पाहावे. हे द्रावण गंजाला धरते, लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू यांत मात्र लोखंडही विरघळते, म्हणून घरगुती उपाय म्हणून ते सुचवले जात असले तरी टाळावेत. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच तापवून कोरडे करावे. गंजाने पडलेले खड्डे तसेच राहतील. ते सूक्ष्म असतील तर गोळी सुटण्यात थोडा त्रास होतो, एवढेच. नेमबाजीत फरक पडेलच असे नाही. माझा प्रश्न ११ मधला साचा मात्र वाचला नाही, कारण मी तो आधी पॉलिश पेपरने घासला होता.

१३. पितळी साचा काळपट झाला आहे. चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख करावा का?

हा प्रश्न फक्त आपल्याच लोकांकडून येतो आणि त्यामागची भावना मला समजते. देवाची उपकरणी ज्या हाताने आपण घासतो, त्याच हाताला काळे पडलेले पितळ पाहवत नाही. पण पितळी साच्यावरील काळपट तांबूस थर हेच त्याचे संरक्षण असते. लख्ख पितळाला कथील चटकन धरते. भांड्यांना कल्हई लावताना नेमके हेच घडते. साच्यात ते घडले, तर कथिलाचे प्रमाण अधिक असलेला रस पोकळीला चिकटून बसतो आणि काढता येत नाही. चिंच आम्लाने तो थर उतरवते आणि घासण्याची पूड त्यात भर म्हणून धातूही झिजवते. पितळी साचा साबणाने धुवावा आणि काळाच राहू द्यावा. रसातील मळी वेगळी करण्यासाठी वापरतात तो फ्लक्सही या साच्याला लागू देऊ नये.

१४. गोळीच्या सांध्यावर पंखासारखी पातळ पापडी येते.

ठोकळे पूर्ण मिटत नाहीत. मिटलेला साचा दिव्यासमोर धरून फटीतून उजेड दिसतो का ते पाहावे. दहापैकी नऊ वेळा सपाट बाजूवर शिशाचा एखादा कण चिकटलेला सापडतो. तो प्रश्न ८ प्रमाणे काढावा. इंचाच्या हजाराव्या भागाइतका कणही गोळी लंबवर्तुळाकार करतो, आणि असा व्यासातील फरक मायक्रोमीटरने सांध्याच्या दिशेने व त्याच्या आडव्या दिशेने मोजल्यास लगेच कळतो. कण नसेल तर पिना पाहाव्यात. पिना प्रमाणाबाहेर पुढे आल्या असतील तर ठोकळे अडून राहतात. मागून किंवा पुढून अगदी हलक्या टिचकीने त्या सरकवता येतात, पण प्रत्येक टिचकीनंतर साचा मिटवून तपासावे.

१५. हँडलमध्ये ठोकळे किंचित हलतात. स्क्रू आवळावेत का?

थोडे हलणे आवश्यक असते, कारण त्यामुळेच पिना आपापल्या भोकांत स्वतःहून बसतात. घट्ट आवळलेला साचा तिरका मिटतो. लाकडी मुठी सैल झाल्या असतील, तर त्या मात्र उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने पक्क्या कराव्यात. तापलेला साचा हातातून निसटणे ही किरकोळ गोष्ट नाही.

१६. साचा स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुतला तर काय बिघडते? घरात लहान मूल आहे.

शिसे वितळवण्याच्या तापमानाला त्याची वाफ नगण्य असते. खरा धोका साच्यावर, मळीत, टेबलावर आणि हातांवर राहणाऱ्या करड्या भुकटीचा आहे, आणि ती तोंडावाटे शरीरात जाते. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी दर डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, यावरून किती थोडे शिसे पुरते हे लक्षात यावे.

म्हणून वापरलेला साचा स्वयंपाकघरात येऊच नये. गॅरेजमध्ये वेगळी बादली, वेगळा ब्रश आणि वेगळे कापड ठेवावे. धुतलेले पाणी अंगणात किंवा गटारात न ओतता साठवावे आणि मळीसह कौंटीच्या घातक कचरा संकलनात द्यावे. कामाचे कपडे व बूट गॅरेजातच उतरवावेत, शिसे काढणाऱ्या साबणाने हात धुवावेत आणि मगच मुलाला उचलून घ्यावे. काम चालू असताना चहासुद्धा जवळ ठेवू नये. घरात गर्भवती स्त्री किंवा रांगते मूल असेल, तर दोन-तीन वर्षे हा छंद बाजूला ठेवावा असे मी सुचवतो. साचा व्यवस्थित ठेवला तर तो वाट पाहतो.

१७. माझ्या साच्यातील गोळी मापापेक्षा लहान पडते. पोकळी मोठी करता येईल का?

आधी मिश्रधातू तपासावी. मऊ शिसे गोठताना अधिक आकसते. अँटिमनी अधिक असलेली धातू, उदाहरणार्थ छापखान्यातील लायनोटाइप, ज्यात साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते, त्याच साच्यातून किंचित मोठी गोळी देते. हा बदल साच्याला हात न लावता होतो. दुसरा उपाय म्हणजे ठोकळ्यांच्या सपाट बाजूंवर, पोकळीपासून दूर, उष्णता सोसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे तुकडे लावून ठोकळे किंचित विलग ठेवणे; हा काढून टाकता येतो. तिसरा उपाय गोळीलाच घर्षणपूड फासून पोकळीत फिरवण्याचा आहे. तो परत फिरवता येत नाही आणि पहिल्या प्रयत्नात पोकळी गोल राहील याची शाश्वती नसते. स्वस्त साच्यावर सराव केल्याशिवाय तो करू नये.

१८. जुना साचा विकत घेताना काय पाहावे?

पोकळीच्या कडा, वरच्या कोपऱ्यांवरील ठोकल्याच्या खुणा, उजेडाची फट आणि हवारेषा. चमकवलेला जुना साचा दिसला तर घेऊ नये. गडद, एकसारख्या रंगाचा साचा बहुधा जाणत्या हातात राहिलेला असतो.

१९. सुट्टीत घरी जाताना साचा भारतात नेता येईल का? माझ्या भावाला दाखवायचा आहे.

नेऊ नये. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘दारूगोळा’ या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. साचा रिकामा आहे, फक्त शोभेचा आहे, हे स्पष्टीकरण विमानतळावर द्यावे लागण्याची वेळच येऊ देऊ नये. छायाचित्रे दाखवावीत. भारतात राहणाऱ्या वाचकांनी या पानावरील कोणतीही कृती करून पाहू नये, हेही यात आलेच.

२०. एस्टेट सेलमध्ये कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरसोबत (ज्यात काडतुसाऐवजी दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरतात) आलेला जुना साचा मिळाला. तो स्वच्छ करून वापरावा का?

एकोणिसाव्या शतकातील असे साचे चिमट्याच्या आकाराचे असतात. त्यांत सहसा एक पोकळी गोल गोळीची आणि दुसरी निमुळत्या गोळीची असते, आणि लाकडी मूठ नसल्याने ते दहाव्या-बाराव्या गोळीलाच हातात धरवत नाहीत. संग्राहकांच्या दृष्टीने त्याची किंमत त्याच्या जुन्या रंगात आणि त्यावरील ठशात असते. प्रश्न १२ मधले द्रावणसुद्धा तो रंग उतरवते. त्यामुळे सुती कापडाने धूळ पुसावी, तेलाचा पातळ हात द्यावा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत पोकळीत काहीही घालू नये. आत जुनी गोळी अडकलेली असेल, तर तीही तशीच राहू द्यावी.